कुणाचीच नसलेली जखम

आत्याची फाइल मी एकदा नीट बसून वाचली. १४ महिन्यांच्या ११२ नोंदी. प्रत्येक नोंदीत तारीख आणि तिच्यापुढे दोन शब्द, 'ड्रेसिंग केले'. अक्षर बदलत गेलं होतं, म्हणजे पट्टी करणारे हात बदलले होते, शब्द तेच. मधूनमधून एखाद्या अँटिबायोटिकचं नाव, कधी पाच दिवस, कधी सात. एका पानावर 'शुगर नॉर्मल'. ही जखम मुळात कशामुळे झाली आणि इतके महिने का भरत नाही, याबद्दल एक अक्षर नाही. निदानाचा रकाना होता, छापीलच होता. त्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'पायाला जखम'.

आधी हसू आलं, मग लाज वाटली. कारण तो प्रश्न आम्ही घरच्यांनी तरी कुठे विचारला होता? 'पाय कसा आहे?' असं कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, 'पट्टी चालू आहे.' विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं, आमचंही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. ही जखम येतेही मुंगीच्याच पावलानं. खाजवून गेलेलं एक साल, मग बोटाच्या पेराएवढी, मग तळहाताच्या निम्मी. त्यामुळे ती आली कधी आणि हाताबाहेर गेली कधी, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

रेंगाळलेल्या जखमेला पट्ट्या भरपूर मिळतात, धनी मात्र मिळत नाही, असं माझं मत आत्याच्या आजारपणात बनलं आणि पुढे वाचत गेलो तसं ते पक्कं झालं. ही जखम सर्जनची नसते, कारण कापण्यासारखं काही नसतं. त्वचारोगतज्ज्ञांची नसते, कारण ती 'कातडीच्या खालची' असते. मधुमेहाचे डॉक्टर रिपोर्ट बघतात, मोजा काढायला सांगत नाहीत. उरते ड्रेसिंग रूम. तिथल्या माणसांच्या हातात गॉज असतो, कात्री असते. 'हे असं का?' हे विचारायचा अधिकार नसतो. आरोग्यव्यवस्थेनं या जखमेची जबाबदारी नावानिशी कुणाकडे तरी द्यायला हवी, आणि ती देताना पहिली अट निदानाची घालायला हवी.

निदान म्हणजे काय, हे समजायला साधी जखम कशी भरते ते आधी बघावं लागतं. कापलं की रक्त गोठतं. मग त्या जागी सूज येते आणि सफाई करणाऱ्या पेशी गोळा होतात. जंतू, मेलेले तुकडे खाऊन टाकतात. मग खालून तांबूस दाणेदार मांस भरत येतं आणि कडेनं कातडी सरकत सरकत ते झाकते. पुढे कित्येक महिने आतली वीण घट्ट होत राहते. रेंगाळलेली जखम यातल्या दुसऱ्या पायरीवर अडकते. पाडकाम करणारे घरी जातच नाहीत आणि गवंडी जेवढी भिंत चढवतो तेवढी ते पाडत राहतात. सफाई पेशींनी सोडलेली विकरं नव्या विणीलाच कापत सुटतात. ते थांबत का नाहीत, याचं कारण जखमेत क्वचितच असतं. ते वर शिरेत असतं, धमनीत असतं, मज्जातंतूत असतं, हाडावर पडणाऱ्या भारात असतं. तिकडे कुणी बघत नाही आणि इकडे मलम बदलत राहतं. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय 'द्विव्रणीय' नावाचा आहे. व्रण, म्हणजे जखमा, दोन प्रकारचे, शारीर आणि आगंतु : एक शरीरातल्याच बिघाडातून उद्भवलेला, दुसरा बाहेरच्या घावानं झालेला. ही वाटणी आधी, आणि मग व्रणाचे साठ उपक्रम, म्हणजे उपचार. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' या सुरात मला जायचं नाही. त्या काळच्या कारणमीमांसेनं आज कुणी उपचार करू नयेत. पण क्रम बघा. आधी विचारायचं, ही जखम कोणती? आजच्या ड्रेसिंग रूममध्ये तो प्रश्न गळाला आणि साठांतला एक उपक्रम उरला, बांधणं.

आत्याचा प्रश्न शेवटी विचारला तो एका सिस्टरनं. योगायोगानंच, नेहमीच्या ठिकाणी सुट्टी होती म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो होतो. तिनं पट्टी सोडली, पाय दोन्ही हातांत धरून उजेडात फिरवला आणि म्हणाली, "मावशी, रात्री पाय दुखला की पलंगाखाली सोडावासा वाटतो, की उशीवर ठेवल्यावर बरं वाटतं?" आत्या म्हणाली, "उशीवर." एवढंच. मग तिनं घोट्याला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, जेल लावून पेनाएवढं एक यंत्र पावलावर टेकवलं. त्यातून झपक्‌झपक् असा आवाज यायला लागला. पट्टा फुगवला, आवाज बंद. हवा सोडली, पुन्हा सुरू. दंडाचा आकडा १४०, घोट्याचा १४६. भागाकार एकच्या वर. "धमनी छान आहे, आता दाब देता येईल," ती म्हणाली. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. ११२ पट्ट्यांमध्ये या वीस मिनिटांना जागा मिळाली नव्हती.

तिच्या त्या प्रश्नात सगळं शास्त्र होतं. धमनी तुंबली असेल तर पावलापर्यंत रक्त पोचत नाही. असा माणूस रात्री पाय खाली सोडून बसतो, तेवढाच गुरुत्वाकर्षणाचा आधार. उलट दोष शिरांमध्ये असेल तर पाय वर ठेवल्यावर बरं वाटतं. पायाच्या शिरांत झडपा असतात. उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की पोटरी पिळली जाते, रक्त वर ढकललं जातं, झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत आणि दाब ३० च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही दाब उतरत नाही. मग पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, तांबड्या पेशी फुटून त्यांतलं लोह कातडीत साचतं, कातडी तपकिरी आणि चामड्यासारखी कडक होते. आत्याचा घोटा पाच-सहा वर्षं तसा होता. आम्ही त्याला वयाचे डाग म्हणायचो.

अशा जखमेवरचा मुख्य उपचार जखमेवर नसतोच. तो पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत थरांनी बांधलेली घट्ट पट्टी हा आहे. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब आणि वर जाताना कमी कमी. हे काही नवं नाही. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिंकची पेस्ट लावलेली दाबपट्टी वापरात आणली, ती आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. दोषी शीर लवकर बंद केली तर आणखी फायदा होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, दाबपट्टीच्या जोडीला शिरेवर लगेच उपचार केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, उशिरा केलेल्यांपैकी निम्म्यांना ८२ दिवस लागले.

मग ही पट्टी सगळ्यांना का बांधत नाहीत? कारण धमनी आधीच तुंबलेली असेल आणि वरून आवळलं तर पाय जाऊ शकतो. भीती खरी आहे. घोटा आणि दंड यांच्या दाबांचं गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाब देत नाहीत, ०.५ च्या आसपास असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडेच धाडतात. मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा खोटाच चांगला येतो, तेव्हा अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. म्हणजे वीस मिनिटांची तपासणी हवी. ती करायची जबाबदारी कुणाची नसते, म्हणून ती होत नाही. ती झालेली नसते, म्हणून दाब द्यायला कुणी धजत नाही. आणि दाब नसतो म्हणून जखम भरत नाही. या चक्रात कुणीही एकट्यानं चूक केलेली नसते, हीच यातली मेख आहे.

हे गरिबीचं किंवा मागासलेपणाचं दुखणं आहे असं वाटत असेल तर ब्रिटनकडे बघावं. सरकारी आरोग्यसेवा, घरी येणाऱ्या परिचारिका, कागदपत्रं चोख. तिथल्या २०१२-१३ च्या रुग्णनोंदी तपासणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अंदाज निघाला, वर्षाला २२ लाख जखमांवर उपचार. त्यांतल्या ३० टक्के जखमांच्या नोंदीत ही जखम कोणत्या प्रकारची, हेच लिहिलेलं नव्हतं. पायावर जखम असलेल्यांपैकी घोट्याचा दाब मोजल्याची नोंद सापडली फक्त १६ टक्क्यांची. म्हणजे 'पायाला जखम' हे निदान लिहिणारे आमच्याच वाट्याला आले होते असं नाही.

मधुमेही पायाची गोष्ट वेगळी, आणि जास्त क्रूर. तिथे दुखतच नाही. तळव्याची संवेदना गेलेली असते. ती गेली की नाही हे बघायला १० ग्रॅमच्या दाबानं वाकणारा नायलॉनचा एक तंतू पुरतो. पावलाची ठेवण बदलते, एकाच हाडाखाली भार पडत राहतो, घट्टा येतो, आणि त्या घट्ट्याखाली जखम तयार होते. माणूस तिच्यावर दिवसभर चालतो. ब्रिटिश सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना हेच ओळखलं होतं. हातापायांची बोटं 'सडलेल्या मांसामुळे' झडतात असा समज होता; ब्रँड यांना दिसलं की वेदना नसल्यामुळे त्याच जागी इजा होत राहते आणि माणसाला पत्ता लागत नाही. पाय प्लास्टरमध्ये नीट बसवून भार सगळ्या तळव्यावर वाटला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरत. मधुमेही पायासाठीही नेमका हाच उपाय आज सगळ्यात आधी सुचवला जातो : गुडघ्यापर्यंतचा, आणि रुग्णाला स्वतः काढता येणार नाही असा साचा.

'काढता येणार नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. काढता येणारे बूट दिले की लोक ते दवाखान्यात घालून येतात आणि घरात काढून ठेवतात. २००३ मधल्या एका अभ्यासात बुटात आणि रुग्णाच्या कमरेला पावलं मोजणारी यंत्रं बसवली होती. दिवसभरातल्या हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के हालचाल बूट घालून झाली होती. यावर व्यवस्थेची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे 'पेशंट ऐकत नाहीत'. मला हे वाक्य ऐकलं की चीड येते. ज्याला वेदनाच नाही त्याला जखमेची आठवण राहावी तरी कशी? रात्री तीनला लघवीला उठलेला माणूस बुटाचे पट्टे आवळत बसेल, ही अपेक्षाच चुकीची. दुखत असतं तर तो एका पायावर लंगडत गेला असता, कुणी सांगावं लागलं नसतं. वेदनेचं काम साच्यानं करायचं असतं; ते न करता माणसाला शिस्त शिकवायची हे पुन्हा पखालीला इंजेक्शन.

या पायांचं पुढे काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मधुमेहात कापल्या जाणाऱ्या पायांपैकी सुमारे ८५ टक्के पायांवर आधी एक जखम होऊन गेलेली असते. म्हणजे तिथे थांबायला एक स्टेशन होतं. १९८९ मध्ये इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट इथे युरोपातल्या देशांच्या प्रतिनिधींनी पाच वर्षांत मधुमेहातले पाय कापण्याचं प्रमाण निम्मं करायचं जाहीर केलं होतं. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं मुखपृष्ठावर छापलं की जगात दर तीस सेकंदांनी मधुमेहामुळे कुणाचा तरी पाय जातो. घोषणांनी काय होतं ते त्यावरून कळतं. आणि कशानं होतं तेही एका गावाच्या आकड्यांवरून कळतं. इंग्लंडमधल्या इप्सविच इथे मधुमेहाचे डॉक्टर, रक्तवाहिन्यांचे सर्जन, पावलांची निगा राखणारे आणि बूट बनवणारे एका टेबलाभोवती बसवले आणि कापलेल्या प्रत्येक पायाचा हिशेब ठेवला. ११ वर्षांत मोठ्या शस्त्रक्रियेनं पाय कापण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. नवं औषध सापडलं नव्हतं. जखमेला धनी मिळाला होता.

बेडसोअरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याचं कारण शोधावं लागत नाही, ते अंथरुणातच असतं. हाडाखालचं मांस आधी मरतं आणि कातडी शेवटी फुटते. दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून माकडहाड, टाचा, कुल्ल्याची बाजू रोज हात लावून बघायची. लाल जागेवर बोट दाबून उचललं आणि ती क्षणभर पांढरी झाली नाही, तर तो बेडसोअर सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे ऊब, टणकपणा, आजूबाजूपेक्षा गडद रंग बघायचा. आणि ती मधे भोक असलेली गोल उशी, जी प्रेमानं प्रत्येक घरात आणली जाते, ती नको. कडेच्या गोल रेघेवर दाब वाढतो आणि मधला रक्तपुरवठा आणखी तुटतो. लाल जागेला मालीशही नको.

आता 'पट्टी'कडेच वळतो, कारण जे भरपूर केलं जातं तेही अनेकदा उलट्या दिशेनं केलं जातं. जखम कोरडी ठेवायची, वारा लागू द्यायचा, खपली धरली की झालं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही सांगितलं तर लोक वेड्यात काढतात. जॉर्ज विंटर या संशोधकानं १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकच्या पडद्याखाली ओलसर ठेवल्या. ओलसर जखमांवर कातडी सुमारे दुप्पट वेगानं धरली. कारण सोपं आहे : कडेच्या पेशी ओलाव्यात सरकतात, खपली असली तर त्यांना खालून बोगदा खणत जावं लागतं. (रक्तपुरवठा नसलेल्या काळ्या कोरड्या बोटाची गोष्ट वेगळी, ते कोरडंच ठेवतात, म्हणून तर पुन्हा निदान आधी.) साठ वर्षांनंतरही आत्याच्या जखमेवरचा गॉज वाळून मांसाला चिकटायचा आणि दर वेळी ओढून काढला जायचा. ती पलंगाची कड धरून डोळे मिटून घ्यायची. गॉजला चिकटून येणारं ते तांबूस म्हणजे मधल्या दिवसांत भरलेलं नवं मांस असायचं, हे मला फार नंतर कळलं.

जंतुनाशकांचंही तसंच. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो आणि काहीतरी होतंय असं वाटतं. होतं एवढंच की नव्या पेशीही मरतात. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, दाखवून दिलं होतं की खोल जखमांत ओतलेली तीव्र जंतुनाशकं जंतूंपर्यंत पोचत नाहीत आणि सैनिकाच्या पांढऱ्या पेशींनाच मारतात. आणि स्वॅब! उघड्या जखमेवर कापूस फिरवून प्रयोगशाळेत पाठवला की जंतू सापडणारच, जसे ते कातडीवरही सापडतात. रिपोर्टात नाव आलं की अँटिबायोटिक सुरू. संसर्ग ओळखायचा तो पसरत्या लालीवरून, उष्णतेवरून, वाढत्या दुखण्यावरून, पू आणि तापावरून. मधुमेही पायाच्या जखमेत सळई घातल्यावर ती हाडाला टेकते का यावरून. रिपोर्टातल्या लॅटिन नावावरून नव्हे. आत्याला चौदा महिन्यांत सहा वेळा अँटिबायोटिक मिळालं. तिची जखम शिरेची होती. त्या सहा वेळांचा उपयोग फक्त जंतूंना झाला, औषध ओळखायला शिकण्यासाठी.

कुणी म्हणेल, मग उत्तम प्रतीची नवी ड्रेसिंग वापरा, चांदीची, जेलची. चांगली ड्रेसिंग हवीच. ओलावा राखणारी, चिकटून न बसणारी, जास्तीची लस शोषणारी. पण कारणाला हात न लावता ड्रेसिंग महाग करत गेलं तर भरलेलं बिल आणि न भरलेली जखम हातात येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शिरेच्या जखमांवर दाबपट्टीखाली निम्म्यांना चांदीयुक्त ड्रेसिंग लावलं, निम्म्यांना साधं न चिकटणारं. जखमा भरण्यात लक्षात घ्यावा असा फरक पडला नाही. काम दाब करत होता.

पैशाचं गणितही याच दिशेनं ओढतं. जिथे दर ड्रेसिंगमागे पैसे मिळतात तिथे भरलेली जखम म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. कुणी मुद्दाम रेंगाळवतं असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी माणसं थकून, मान मोडून काम करत असतात. पण जखम लवकर भरावी म्हणून कुणाची धडपड होईल अशी रचनाच नसते. विमा पाय कापायच्या शस्त्रक्रियेला पैसे देतो, प्लास्टरच्या साच्याला द्यायला कुरकुरतो. कापलेला पाय 'यशस्वी शस्त्रक्रिया' म्हणून मोजला जातो. वाचलेला पाय कुठल्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक जखमेला पहिल्याच दिवशी मोजपट्टीनं मोजावं, लांबी-रुंदी लिहावी, शेजारी तीच मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. पायाची जखम असेल तर रक्तपुरवठा आणि संवेदना तपासल्याशिवाय दुसरी पट्टी होऊ नये. आणि चौथ्या आठवड्याला कुणीतरी आकडे शेजारी शेजारी मांडून बघावेत. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्मी झाली नसेल तर ती त्याच वाटेनं बाराव्या आठवड्यातही भरण्याची शक्यता फार कमी असते, हे २००३ पासून माहीत आहे. तिथे वाट बदलायची असते. आपल्याकडे चौथ्या आठवड्यात मलम बदलतं. याच टप्प्यावर जखम एका नाव असलेल्या माणसाकडे जावी, डॉक्टर असो वा अनुभवी सिस्टर, ज्याला पुढच्या तज्ज्ञांना बोलावण्याचा अधिकार असेल आणि सहाव्या महिन्यात 'काय झालं?' असं ज्याला विचारता येईल.

तीन महिन्यांहून जुन्या, कडा उलटून वर आलेल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा हेही त्यातच आलं. जुन्या जखमेत कर्करोग होऊ शकतो. तसल्या जखमांना ज्यांचं नाव आहे त्या फ्रेंच सर्जन मार्जोलँ यांनी त्यांचं वर्णन १८२८ मध्ये केलं होतं. आणि पायोडर्मा गँग्रिनोसम नावाची एक जखम अशी आहे की साफ करायला म्हणून कापलं की ती आणखी पसरते. 'पायाला जखम' या रकान्यात हे सगळे एकाच रांगेत उभे असतात.

यावर आक्षेप येईल की ओपीडीत रांग दाराबाहेर असताना वीस मिनिटं आणायची कुठून. प्रश्न रास्त आहे. पण आत्याच्या ११२ ड्रेसिंगना प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी जवळजवळ १९ तास झाले. तो वेळ व्यवस्थेनं दिलाच की, हप्त्याहप्त्यानं दिला, आणि हाती काही लागलं नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : काही जखमा भरणारच नाहीत. धमनी उघडता येत नाही, शरीर थकलंय, आयुष्य थोडं उरलंय. अशा वेळी भरण्याचा हट्ट सोडावा, पण तोही कुणीतरी विचार करून, घरच्यांना स्पष्ट सांगून सोडावा. मग उद्दिष्ट वेगळं : दुखू नये, वास येऊ नये, रोजच्या रोज पट्टी सोडायचा छळ नको. वासावर मेट्रोनिडाझोलचं जेल चालतं, इतकी साधी गोष्ट महिनोन् महिने कुणी सांगत नाही, आणि माणूस वासाच्या लाजेनं दाराआडच्या खोलीत मुक्काम हलवतो. आत्यानं चार लोकांत बसणं सोडलं होतं ते दुखण्यापायी नाही, वासापायी. एली लिंडसे या ब्रिटिश परिचारिकेनं १९९५ मध्ये पायाच्या जखमांसाठी 'लेग क्लब' सुरू केला तो याच कारणानं. लोकांनी दवाखान्यात नाही तर एका सभागृहात यावं, एकत्र बसावं, गप्पा माराव्यात आणि तिथेच पाय धुऊन पट्टी करून घ्यावी. जखमेचा निम्मा एकांत तिथेच कमी होतो.

आत्याची जखम त्या दिवशी सहा सेंटिमीटर लांब आणि चार रुंद होती. सिस्टरनं जखमेवर पारदर्शक कागद धरून पेनानं कड गिरवली, तारीख टाकली. चार आठवड्यांनी दुसरा कागद पहिल्यावर ठेवला तेव्हा साडेचार बाय अडीच. आत्यानं ते दोन कागद खिडकीत उजेडाला धरून बघितले, किती तरी वेळ. पुढे अकराव्या आठवड्यात कातडी धरली. निदानाच्या रकान्यातलं 'पायाला जखम' खोडून सिस्टरनं वर लिहिलं होतं, 'शिरांच्या झडपांचा दोष, धमनी चांगली'.

अशा जखमा परत उघडतात, वारंवार उघडतात. म्हणून आत्या रोज सकाळी पलंगावरून पाय खाली सोडण्याआधी दाबाचा मोजा चढवते. हातात रबराचे मोजे घातले की तो सरकतो, ही युक्ती तिला सिस्टरकडे आलेल्या दुसऱ्या एका बाईनं शिकवली. तरी रोज कुरकुर असतेच. "अरे, यापेक्षा पट्टी बरी होती, निदान दुसरं कुणी करायचं." सहा महिन्यांत मोज्याचा ताण सैल पडतो, नवा घ्यावा लागतो. ती तारीख आता फाइलच्या पहिल्या पानावर आहे, आणि तिच्याखाली सिस्टरचं नाव.